टबातलं काळं पाणी

"बघा, बघा, निघालं!" बद्रीनाथ ओरडला आणि कोथरूडच्या त्या सोसायटीचा अख्खा हॉल टबाभोवती गोळा झाला. हिराबाईंचे पाय ज्या पाण्यात होते, ते वीस मिनिटांत आधी पिवळट, मग तपकिरी, मग चक्क काळपट झालं होतं. वर फेस.

"ही हिरवट झाक लिव्हरची. हे काळे कण सांध्यांचे. सत्तर वर्षांचं विष तळव्यांतून सुटतंय, मावशी!" पांढऱ्या कोटातल्या बद्रीनाथला प्रत्येक अवयवाचा रंग तोंडपाठ होता.

हिराबाईंनी शरमेनं पदर ओढला. "अहो, एवढी घाण होती माझ्या अंगात?"

घाण हा शब्द त्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. हिराबाईंच्या नवऱ्याला, भीमरावांना तो खटकायला हवा होता, पण ते खूश होते. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून घरात अंगारा नाही, धुपारा नाही, बुवा तर नाहीच. पण इथे प्लग होता, वायर होती, लाल आकड्यांची पेटी होती. विज्ञान समजून गडी बिनदिक्कत फसला.

आणि करणार तरी काय? दोन वर्षं हिराबाईंना चक्कर, पायांना मुंग्या, वर विसरभोळेपणा. चार डॉक्टर झाले. प्रत्येकानं आपापली गोळी लिहिली आणि "वय झालं आता, आजी" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. बद्रीनाथनं निदान ऐकून तरी घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही वरून गोळ्यांचं विष ओतणार, तर मी किती उपसू? सगळ्या बंद!"

गोळ्या बंद केल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी हिराबाईंच्या हातून चहाचा कप सुटला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर पायलनं गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. "काका, प्रेशरची एकच गोळी दोघांनी दोन नावांनी दिलीय. चक्कर बहुधा त्यानं. विसरणं या झोपेच्या गोळीनं असेल. आणि बी-ट्वेल्व्ह कुणी तपासलंच नाही, ते फार कमी आहे, म्हणून मुंग्या. दोन कमी करायच्या होत्या, एक वाढवायची होती. सगळ्या बंद नव्हत्या करायच्या हो, त्यानंच प्रेशर चढून झटका आला!"

हिराबाईंची मैत्रीण जैनब मॅडम कसबा पेठेतून भेटायला आल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "भीमराव, चला हॉलवर."

तिथे रांग होतीच. "पाय कुणीच घालायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "नुसतं मीठ टाका आणि बटण दाबा."

"मॅडम, ऊर्जा वाया जाईल," बद्रीनाथ म्हणाला.

"जाऊ द्या. वीज सोसायटीची आहे, तुमची नाही."

बटण भीमरावांनी दाबलं. वीस मिनिटं. पिवळट, तपकिरी, काळपट. वर फेस.

"आता हे लिव्हर कुणाचं? टबाचं?" मॅडमनी प्लग काढून पाण्यातल्या लोखंडी पट्ट्या वर धरल्या. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं, गंज पाण्यात उतरतो. शाळेतला प्रयोग आहे हा."

भीमरावांनी पट्टीवरून बोट फिरवलं. टेलिफोन खात्यात उभी नोकरी त्यांनी असाच गंज खरवडला होता. "मला कळायला हवं होतं," ते लोकांकडे वळले. "माझ्या बायकोचा हात गेला, म्हणून सांगतो. चार दुखणी असतील तर चारही एकाच डॉक्टरला सांगा. सगळ्या गोळ्या त्याच्यापुढे ओता. 'वय झालं' म्हणाला तर उठू नका. कुठली गोळी कशाला, ते विचारा. मनानं काही बंद करू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो तुमच्याशिवायही होतो का, ते आधी बघा!"

लोक चुळबुळले. एका आजोबांनी बद्रीनाथला हळूच विचारलं, "मग माझा उद्याचा नंबर आहे ना?"

भीमराव हॉस्पिटलात परतले तेव्हा हिराबाई जाग्या होत्या. शब्द अडखळत होते. "पाणी... काळं..."

"लोखंडाचा गंज होता तो."

"माझी... घाण?"

"तुझी नव्हती, हिरा. कधीच नव्हती." आणि तिचा लुळा हात चोळत भीमराव ढसाढसा रडले.