दया शाखा, खोली क्रमांक २१४

मित्रांनो, न्याय मंत्रालयाच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून उभा केलेला जो लाकडी फलक तुम्हाला दिसतो आहे, तो मी. पाठ पाहून माझी किंमत करू नका. चौपन्न वर्षे मी वरच्या मुख्य दालनात, दारातून आत येणाऱ्याच्या अगदी समोर टांगलेला होतो. कोणती शाखा कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, एवढे सांगणे हेच माझे काम. त्या कामाचा मला भारी तोरा होता, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म मंत्रालयाबरोबरच झाला. त्याआधी न्यायाचा कारभार दुसऱ्या एका मोठ्या खात्याच्या वळचणीला होता. तो वेगळा निघाला तेव्हा त्याला ही इमारत मिळाली आणि इमारतीला मी मिळालो. सुताराने मला सागवानी चौकट दिली, तिच्यात आडव्या खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेत एक पट्टी. पट्टीवर शाखेचे नाव आणि खोलीचा क्रमांक. शाखा हलली की जुनी पट्टी ओढून काढायची आणि नवी सरकवायची. पट्ट्या रंगवायला एक डावखुरा पेंटर येत असे. अक्षर काढताना त्याच्या जिभेचे टोक बाहेर यायचे, पण अक्षर असे यायचे की आंधळ्यानेही हात फिरवून वाचावे.

सुरुवातीला सात पट्ट्या होत्या: न्यायालये, तुरुंग, कायद्यांचे मसुदे, सरकारी वकील, नोंदणी, बेवारस मालमत्ता आणि दया. मग मंत्री बदलत गेले. एखादी शाखा फोडल्याशिवाय किंवा जोडल्याशिवाय एकालाही चैन पडत नसे. तुरुंग पोलिसांच्या खात्याकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. तेव्हा पेंटर म्हणाला, "ही पट्टी फेकू नका. येईलच माहेरी." आणि ती आलीच! मसुदा शाखेच्या तीन झाल्या. बेवारस मालमत्ता शाखेत एक कारकून आणि एक कपाट उरले. पुढे कारकून निवृत्त झाला आणि कपाट तेवढे राहिले, तरी तिची पट्टी माझ्या अंगावर होतीच. सातांच्या एकेचाळीस पट्ट्या झाल्या. न्याय किती वाढला ते मला ठाऊक नाही. मी मात्र वाढलो. सुताराने मला दोन्ही बाजूंनी पंख जोडून दिले.

माझे कौतुकही फार होई. मंत्री पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करून सांगत, "आमच्याकडे कुणाला काही विचारावं लागत नाही." लोक मान वर करून, बोट फिरवत मला वाचत आणि बरोबर जागी पोचत. मी कधी चुकलो नव्हतो.

माझ्या डाव्या हाताला चौकशीची खिडकी होती. तिच्यात बसणाऱ्या कारकुनाला सगळे खिडकीमास्तर म्हणत. माणूस स्वभावाने गोड. खिडकीत पाण्याचा माठ ठेवलेला असायचा. थकलेला माणूस दिसला की हा स्वतः उठून त्याला पेला भरून द्यायचा. पण एकदा त्याने एका म्हाताऱ्याला माझ्यावर न लिहिलेली गोष्ट सांगितली, आणि ती नेमकी चुकीची निघाली. तक्रार झाली. खिडकीमास्तरांना मेमो मिळाला, आणि पाठोपाठ परिपत्रक निघाले: चौकशी खिडकीवरील कर्मचाऱ्याने फलकावरील मजकुराव्यतिरिक्त कोणतीही माहिती देऊ नये. ते परिपत्रक त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवले. त्या दिवसापासून कोणी काहीही विचारले की ते माझ्याकडे बोट दाखवत. मला ते आवडायचे. मित्रांनो, मी मूर्ख होतो.

मग नवे सचिव आले. ते पूर्वी न्यायाधीश होते. मला पहिल्यांदा वाचताना त्यांची नजर एका पट्टीवर थांबली: 'दया शाखा, दुसरा मजला, खोली २१४'. फाशीच्या कैद्यांचे अर्ज त्या शाखेत येत. सचिव म्हणाले, "न्याय खात्यात दया? दयाच करायची तर न्याय कशाला केला? हा शब्द बदला." त्यांना 'शिक्षा पुनर्विचार कक्ष' हे नाव हवे होते. मसुदा शाखेचे उपसचिव म्हणाले, पुनर्विचार न्यायालय करते, आपण नाही. 'क्षमायाचना कक्ष' म्हणा. भाषा अधिकारी म्हणाले, याचना कैदी करतो, कक्ष कशी करील? सारे घोडे त्या एका शब्दावर अडले. टिपणांवर टिपणे चढत गेली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याची डागडुजी निघाली आणि दया शाखा टेबलाखुर्च्यांसकट रस्त्यापलीकडच्या इमारतीत गेली. खोली २१४ मध्ये मोडक्या खुर्च्या रचल्या आणि कुलूप घातले.

माझी पट्टी मात्र तशीच राहिली. नव्या जागेवर कोणते नाव लिहायचे हेच ठरले नव्हते, मग नवी पट्टी कशी रंगवणार? आणि खाच रिकामी ठेवायची नाही असाही नियम होता. म्हणून सात आठवडे मी येणाऱ्या प्रत्येकाला पेंटरच्या त्या सुंदर अक्षरात खोटे सांगत राहिलो.

त्या सात आठवड्यांत माझे खोटे एकाच व्यक्तीने खरे मानले. ती एक शिवणकाम करणारी बाई होती. शाळांचे गणवेश शिवायची. तिच्या थोरल्या भावाला फाशीची शिक्षा झाली होती. त्याने खरोखर खून केला होता की नाही, हे मला माहीत नाही. फलकाला ते कळत नसते. शेवटच्या निकालापासून तीस दिवसांत नातेवाइकाने दयेचा अर्ज स्वतःच्या हाताने शाखेत द्यायचा, असा नियम होता. अर्ज दिला की त्याचा निर्णय होईपर्यंत फाशी थांबते. तिला निकालाची प्रत हाती यायलाच बावीस दिवस लागले. ती माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा आठ दिवस उरले होते, आणि त्यातले दोन सुट्टीचे.

सोमवारी ती आली. बोट फिरवत तिने मला वाचले, ओठ हलवून क्रमांक पाठ केला आणि जिना चढली. अर्ध्या तासाने खाली आली. खिडकीशी जाऊन म्हणाली, "भाऊ, दोनशे चौदाला कुलूप आहे."

खिडकीमास्तरांना सगळे ठाऊक होते. दया शाखेतला हेडक्लार्क रोज त्यांच्याबरोबर डबा खाई. तिथून रस्ता ओलांडला की चाळीस पावलांवर शाखा होती. त्यांनी काचेखालच्या परिपत्रकाकडे पाहिले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "बोर्डावर आहे तेच बरोबर, ताई. वर बसा थोडं. पाणी घेता?"

ती पाणी प्याली आणि वर जाऊन बाकावर बसली. मंगळवारीही बसली. बुधवारपासून तिने गणवेशांचे गाठोडे सोबत आणायला सुरुवात केली. बसल्या बसल्या हाताने कापडाच्या कडा दुमडून टाके घालायची. वरच्या मजल्याचा शिपाई खाली येऊन खिडकीमास्तरांना म्हणाला, "ती बाई अजून तिथंच बसलीय. सांगू का तिला?"

"सांग की. आणि मेमो आला की सहीही तूच कर."

शिपाई आल्या पावली वर गेला. बाईने विचारले की तो म्हणे, खिडकीवर विचारा. खिडकीवर विचारले की खिडकीमास्तर म्हणत, बोर्ड वाचा. आणि ती पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राही. आपलेच काहीतरी चुकले असेल, अशा नजरेने मला अक्षर न् अक्षर वाचे. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण माझे तोंड म्हणजे त्या पट्ट्या, आणि त्या इतरांनी रंगवलेल्या.

शुक्रवारी खिडकीमास्तरांनी तिच्यासाठी आतली उशीची खुर्ची वर पाठवली. बाक टोचत असेल म्हणून. माणूस गोड, हे मी आधीच सांगितले आहे.

पुढचा सोमवार हा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाच वाजता ती जिना उतरून आली. "भाऊ, आज मुदत संपते हो. तुम्हीच ठेवून घ्या ना हा अर्ज. उद्या साहेब आले की त्यांना द्या."

"मला नाही घेता येत, ताई."

"मग कुठं देऊ? एवढं सांगा. माझ्या आईला काय सांगू मी?"

खिडकीमास्तरांचे ओठ उघडले. मी पाहिले, मित्रांनो. शब्द दातांपर्यंत आला होता. चाळीस पावले, पलीकडचे कार्यालय साडेपाचपर्यंत उघडे असे. मग त्यांची नजर काचेखाली गेली, आणि त्यांनी माठातून पेला भरला. "आधी पाणी घ्या. उद्या सकाळी या. उद्या नक्की काहीतरी होईल."

उद्या खरोखरच काहीतरी झाले. मंगळवारी सकाळी दहा वाजता पेंटर शिडी घेऊन आला. वाद मिटला होता. तिघांनाही न आवडलेले नाव ठरले होते. त्याने 'दया शाखा' खाचेतून ओढून काढली आणि नवी पट्टी सरकवली: 'शिक्षा सूट कक्ष, समोरची इमारत, तळमजला'. ती बाई त्याच्या शिडीखालीच उभी होती. तिने वाचले. गाठोडे तिथेच टाकून ती पळाली.

पंधरा मिनिटांनी ती परत आली. गाठोडे उचलले आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "खोली सापडली हो, भाऊ. पण एक दिवस उशीर झाला म्हणाले." जणू त्यांना काळजी लागून राहिली असेल, म्हणून सांगायला आली होती.

सहा आठवड्यांनी तिच्या भावाला फाशी झाली.

एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, म्हणून चौकशी समिती बसली. स्थळाची पाहणी करायला समितीचे तीन साहेब दालनात आले, आणि बाईला त्यांनी तिथेच बोलावले. खिडकीमास्तर खिडकीत मान खाली घालून बसले होते. एका साहेबाने विचारले, "तुम्ही इथल्या कर्मचाऱ्यांकडे चौकशी का केली नाही?"

"केली होती, साहेब."

"मग त्यांनी चुकीची माहिती दिली?"

बाई खिडकीकडे वळली. आता ती बोलेल, असे मला वाटले. आता सगळे बाहेर येईल.

"नाही हो," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्यांना तरी काय माहीत? ते भाऊ फार चांगले. रोज मला पाणी द्यायचे. बसायला खुर्ची पाठवली. माझा भाऊ असता तर त्यानंही तेवढंच केलं असतं."

खिडकीमास्तर रडू लागले. साहेबांना ते फार हृद्य वाटले. अहवालात त्यांनी लिहिले, 'कर्मचाऱ्यांचे वर्तन सौजन्यपूर्ण असल्याचे दिसून आले.' मग दोष कोणाचा? सचिवांचा नाही, शब्दाविषयी काटेकोर राहणे हे त्यांचे कर्तव्यच. उपसचिवांचा नाही, शिपायाचा नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर होते, 'सदर घटनेस कालबाह्य फलक जबाबदार असून तो तत्काळ हटवण्यात यावा.' 'चोर सोडून संन्याशाला फाशी' अशी एक म्हण आहे. ती मी स्वतःसाठी वापरणार नाही. मला फक्त खाली उतरवले. फाशी गेला तो दुसराच.

आता वर माझ्या जागी काचेचा, दिव्यांचा फलक लावला आहे असे ऐकतो. बटण दाबले की नावे बदलतात. परिपत्रक मात्र अजून लागू आहे. ते हटवावे असे समितीने कुठे लिहिलेच नाही. खिडकीमास्तर यंदा निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या चांगुलपणाचे गोडवे गायले, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच मला त्यांचा इतका राग येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या तोंडी शेवटी एक विनंती असते. मला पुसा, रंग द्या, पुन्हा भिंतीवर लावा, असे मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, वाळवी मला खाईल आणि ते बरेच होईल. पण तुमच्यातला कुणीतरी मोठा होऊन अशाच एखाद्या खिडकीच्या आत बसेल. समोर एक माणूस येईल. त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, आणि ती सांगायची नाही असा नियम असेल. तेव्हा सांगून टाका. मेमो येईल, येऊ द्या. चौपन्न वर्षांत मी या दालनातून शेकडो मेमो जाताना पाहिले. मेमोने मेलेला माणूस मी एकही पाहिला नाही.