वरचं बूच

सासऱ्यानं जावयाशी बोलणं टाकलं होतं. गेल्या वर्षी गिऱ्हाइकांसमोर जावई ट्रॅक्टरला ‘डबडं’ म्हणाला आणि सासरा जावयाला ‘फुकटखाऊ’ म्हणाला, तेव्हापासून. राहायचं एका घरात, राबायचं एकाच रोपवाटिकेत, आणि निरोप न्यायचे-आणायचे मुलीनं. देवानं दोघांनाही धडधाकट जिभा दिल्या होत्या, पण झिजत होती ती तिसरीचीच.

“बाबांना सांग, दुपारी भंगारवाला येतोय,” जावई शेडच्या दारातून म्हणाला.

म्हातारा बागेच्या त्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरखाली घमेलं सरकवत होता. “यांना विचार, टेकाडावर चढला तर?”

“चढला तर राहू दे. पण दुसरा गिअर पडायला हवा. इतके दिवस मातीची पोती मी पाठीवरून चढवतोय म्हणावं.”

“ऐकलंत ना दोघांनी?” मुलगी पिशव्यांत रोपं लावता लावता म्हणाली.

म्हाताऱ्यानं ऐकलं होतं. याच ट्रॅक्टरनं त्यानं उघड्या टेकाडाची हिरवीगार रोपवाटिका केली होती. त्यावर घण पडलेला बघायचा म्हणजे जिवंतपणी आपलंच सरण रचलेलं बघायचं. गिअरबॉक्समधलं तेल नासलंय, बदललं की गिअर लोण्यासारखा पडेल, याची त्याला खात्री होती. इंजिन थोडा वेळ चालवून त्यानं तेल कोमट करून घेतलं होतं. आता दोन बुचं. खालच्या बुचातून जुनं तेल काढायचं, बाजूच्या वरच्या बुचातून नवं भरायचं. आणि आधी वरचं सैल करून बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा. हा नियम त्यानं सगळ्या घराला घोकून घोकून पाठ करायला लावला होता.

त्यानं पाना वरच्या बुचाला लावलाही. तेवढ्यात दारातून आवाज आला, “त्यांना म्हणावं, तेल बदललं म्हणून म्हातारपण जात नाही.”

झालं! राग डोक्यात शिरला की माणसाचे हातही त्याचंच ऐकतात. म्हाताऱ्यानं पाना खाली नेला आणि दातओठ खात खालचंच बूच फिरवलं. तेल भदाभदा घमेल्यात आलं. पांढुरकं, साबणाच्या पाण्यासारखं. आत पाणी गेलं होतं.

“बघ म्हणावं! दोष ट्रॅक्टरचा नाही, तेलाचा आहे!” म्हातारा जिंकल्यासारखा ओरडला. खालचं बूच पुसून घट्ट केलं आणि तो वरच्याकडे वळला. बूच हलेना. त्यानं पान्यावर लाथ मारली. पाना सटकला, आणि बुचाचे कोपरे गुळगुळीत झाले.

ट्रॅक्टर रिकामा, आणि तेल घालायला वाट नाही.

जावई पोट धरून हसला. “यांना विचार, आधी कुठलं बूच?”

मुलीनं हातातलं रोप खाली ठेवलं. “बास. माझी जीभ दुखली. विचारायचं ते तोंडानं विचारा,” म्हणाली आणि पाणी घालायला निघून गेली.

शेडमध्ये दोघंच उरले. म्हाताऱ्याला अजून एक वाट दिसत होती. सीटखाली गिअर लिव्हरची प्लेट होती, ती खोलली तर तिथून तेल ओतता आलं असतं. पण बोल्ट अडचणीत, आणि त्याची सुजलेली बोटं तिथं वळत नव्हती. त्यानं पाना खाली टाकला.

“अहो जावईबापू!”

“मला म्हणालात, मामा?”

“नाही, कुंडीला म्हणालो. ती लिव्हरची प्लेट खोला. माझ्यानं होत नाही.”

शेवटचे तीन शब्द त्याच्या घशातून काट्यासारखे आले. जावयानं ते ऐकले, पण दया दाखवली नाही. “वर्षभर थांबलो, तर ऐकायला हे मिळालं,” म्हणत तो सीटखाली शिरला. बोटं सोलवटली, ट्रॅक्टरच्या सात पिढ्या उद्धारल्या, आणि प्लेट निघाली.

“लिव्हरभोवतीचं हे रबर फाटलंय. पावसाचं पाणी इथूनच गेलं. ताडपत्री घालता येत नव्हती?”

“ताडपत्री तुम्हीच नेलीत! गिऱ्हाइकांसाठी आणलेल्या तुमच्या त्या खुर्च्या झाकायला!”

जावयानं नव्या तेलाचा डबा पुढे ओढला. मग चिडून म्हणाला, “किती ओतायचं ते सांगा.”

“जेवढं निघालं तेवढंच. मापून ठेवलंय. आणि नरसाळं हलवू नका.”

“तुमच्याच हातानं हलतंय.”

जाड तेल सावकाश उतरत राहिलं. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती, आणि दोघंही तोंड फिरवून उभे होते. प्लेट बसवून फाटक्या रबरावर जावयानं ट्यूबचा तुकडा आवळला, तोवर भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात आला.

म्हातारा सीटकडे निघाला, पण जावई आधीच चढून बसला होता.

“उतरा. मी चालवणार.”

“तुमचा गुडघा क्लच दाबतो का, मामा?”

गुडघा दाबत नव्हता. म्हाताऱ्यानं स्टिअरिंग धरून ठेवलं. क्लच अर्धाच दाबायचा, गिअर खरखरवायचा आणि ‘बघा, गेलंच’ म्हणायचं, एवढं केलं की या माणसाचं काम होणार होतं. एका पायाचा खेळ! त्यानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि एकेक बोट सोडवत हात काढला.

ट्रॅक्टर पहिल्यात निघाला. टेकाडाच्या मध्यावर जावयानं क्लच दाबला. खर्रर्र झालं. भंगारवाल्यानं टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं. वर जावयानं पाय पुन्हा तळापर्यंत दाबला, लिव्हर सावकाश ओढला, आणि ट्रॅक्टर दुसऱ्यात गुरगुरत माथ्यावर गेला.

“नाही विकायचा!” जावई वरून ओरडला. भंगारवाला शिव्या घालत फळकं वर करू लागला.

ते वाक्य म्हातारा सकाळपासून घोळवत होता. ते सुद्धा यानं पळवलं.

“उतरा आता खाली!”

“का म्हणून? आता माती मीच आणणार. यावर बसूनच.”

“ट्रॅक्टर माझा आहे!”

“तुमचाच आहे, मामा. सीट माझी!”

“तुमच्या बापानं...” म्हातारा मुठी आवळून टेकाड चढू लागला. चार पावलं गेला की गुडघ्यावर हात टेकायचा, दम घ्यायचा आणि एक शिवी वर पाठवायचा. वरून इंजिन बंद न करता जावई तितक्याच जोरानं उत्तर देत होता.