रंगमंचावर चढलेली खुर्ची

मित्रांनो, नाटकगृहाच्या पुढच्या रांगेतल्या कडेच्या जुन्या खुर्चीला, म्हणजे मला, थोडं कुरकुरू द्या. कुरकुरणं हा माझा जन्मजात गुण आहे. एकदा तर माझ्या एका कुरकुरीने खलनायक संवाद विसरला आणि नायिकेची पाया पडून माफी मागून मोकळा झाला. खोटं वाटत असेल तर शेजारच्या खुर्चीला विचारा.

सुताराने मला सागवानातून घडवलं, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! पुढे मखमल विरली. माझ्यावर हक्काने बसायच्या त्या फक्त लोकांचे कपडे शिवून देणाऱ्या शिवणकाकू. "बाकीच्या खुर्च्या मुक्या आहेत गं," असं म्हणून मला थोपटायच्या.

मग नवी दिग्दर्शिका नव्या धर्तीची नाटकं घेऊन आली. नाटक संपल्यावर ती वर उभी राहून विचारायची, "कुणाला काही बोलायचंय?" खाली सगळे चपला शोधू लागायचे. लोक कमी होत गेले. शेवटी व्यवस्थापक म्हणाले, "बाई, आजचा प्रयोग शेवटचा. इथे गाद्यांचं गोदाम होणार." आम्हा खुर्च्यांच्या घरात गाद्या! माझा जीव खालीवर झाला.

त्याच दिवशी नाटकातली खुर्ची मोडली. रंगमंच सांभाळणाऱ्या मामांनी घाईघाईत माझे स्क्रू काढले आणि मला वर नेऊन ठेवलं. काकू आल्या तर जागा रिकामी. द्वारपालाच्या स्टुलावर बसून त्यांनी अख्खं नाटक पाहिलं. पडदा पडल्यावर दिग्दर्शिकेने नेहमीचा प्रश्न विचारला, तशा काकू तरातरा वर चढल्या.

"पाठ मोडली माझी. आता तरी माझ्या खुर्चीत बसते," म्हणत त्या बसल्या. मी कुरकुरले. सभागृह हसलं.

"आलेच आहे तर सांगते. तुमच्या नाटकात मुलगा घर सोडून जातो आणि आई गप्प? मी निदान डबा तरी दिला असता."

दिग्दर्शिका एरवी लांबलचक समजावत बसली असती. आज ती काकूंच्या शेजारी जमिनीवरच बसली. "मग तो थांबला असता?"

"छे. पण वळून बघितलं असतं त्याने."

"कशाला बघेल?" मागून भरदार आवाज आला. टेप घेऊन जागा मोजायला आलेले गादीवाले शेठ होते ते. "मीही असाच निघालो होतो. वळलो असतो, तर पाय निघाला नसता."

"म्हणजे वळावंसं वाटलं होतं तर," काकू म्हणाल्या.

शेठ हातातला टेप गुंडाळू लागले. मग मात्र चारी बाजूंनी माणसं बोलू लागली. आईचं काम करणारी नटी म्हणाली, "मलाही रोज हाक मारावीशी वाटते." दिग्दर्शिकेने तिथल्या तिथे शेवटचा प्रवेश पुन्हा करायला लावला. आईने हाक मारली. मुलगा दारात थांबला, वळला. सगळं सभागृह उभं राहिलं, आणि सर्वांत आधी शेठ.

टेप खिशात घालत ते व्यवस्थापकांना म्हणाले, "गाद्या कुठेही मावतील हो. उद्याची दोन तिकिटं द्या. आईला आणतो."

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगानंतर मला वर मांडतात. जो बोलेल तो माझ्यावर बसतो. नवी मखमलही चढली आहे मला, पण कुरकुर काढू नका, असं काकूंनी सुताराला बजावलं होतं.

तेव्हा मित्रांनो, माझ्याखाली च्युइंगगम चिकटवू नका. आणि नाटक आवडो न आवडो, चपला शोधण्याआधी एक शब्द बोला. मी तर लाकडाची, तरी गप्प बसत नाही.