बोटीसाठी कोरी ठेवलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे, पण माझ्या अंगावर ओरखडे शोधायला जाल तर फार सापडायचे नाहीत. मोरपंखी रंग, चार चाकं, वरखाली होणारा दांडा, आणि आतल्या अस्तराला अजूनही दुकानाचा वास. कर्जतच्या भिसेगावात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, कपाटाच्या डोक्यावर माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. माझ्या बहिणी हिंडून-फिरून जुन्या झाल्या. मी वाट बघून जुनी झाले.

माझा जन्म एका कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवून तापलेल्या साच्यात माझी पाठ आणि पोट दाबून काढलं, मग शिलाई, मग चाकं. आम्ही सगळ्या बहिणी भिंतीला टेकून उभ्या असायचो आणि कुणाच्या नशिबी कुठलं गाव येईल यावर आमच्या पैजा लागायच्या. मी कर्जतच्या बाजारात येऊन पडले. दिवाळीच्या तोंडावर दुकानात जितेश आला. चौक गावाजवळच्या एका कंपनीत तो कामाला होता आणि बोनस नुकताच हातात पडला होता. दुकानदाराने विचारलं, "लांबचा प्रवास का?"

"बोटीवर जायचंय," जितेश म्हणाला. "मोठ्या बोटीवर. आमच्या बाबांना घेऊन."

हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात त्याची झाले.

जितेशचे बाबा म्हणजे नागू. सगळा जन्म त्यांनी माथेरानला हमाली केली. गाड्या जिथे थांबतात तिथून हॉटेलापर्यंत, लाल मातीच्या वाटेने, पाहुण्यांचं सामान डोक्यावरून न्यायचं. एक बॅग डोक्यावर, एक खांद्याला, एक हातात, आणि मागून पाहुणे मोकळ्या हातांनी झाडं बघत, माकडांना हसत येत असायचे. असंच एकदा एका पाहुणीने त्यांना सांगितलं होतं, "पुढच्या वेळी आम्ही बोटीवर जाणार हो. तिथे फाटकात बॅग दिली की ती आपोआप आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते." नागूंनी तिचं सामान उतरवलं, मजुरी घेतली आणि डोंगर उतरले. ते वाक्य मात्र त्यांच्या डोक्यावरून उतरलं नाही.

"एकदा माझी बॅग दुसऱ्यानं उचलावी," ते म्हणायचे, "नि मी मागून मोकल्या हातानं चालावं. बास. बोट बुडली तरी चालंल मग."

"बुडायचं नाव नको, मामा," म्हणून सुनेने, विनिताने, त्यांना दटावलं की ते गालात हसायचे.

पहिल्या दिवशी मला घरात आणलं तेव्हा नागूंनी माझ्याभोवती एक फेरी मारली, बोटाने टकटक केली, दांडा हलवून पाहिला आणि सवयीने विचारलं, "फुटायचं काय हाय का आत?" सगळे हसले. रिकामी बॅग ती, तिच्यात काय फुटणार? पण बॅग उचलण्याआधी हे विचारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात हात घातला नव्हता.

मग त्यांनी माझं भविष्य ठरवून टाकलं. त्यांच्या हमालांत म्हणे एक समज होता. नव्या बॅगेची पहिली वाट जेवढी लांब, तेवढ्या तिच्या पुढच्या वाटा लांब. "हिची पयली वाट बोटीची," ते म्हणाले. "तोवर हिला रस्त्याची माती लावायची नाय." झालं! माझं प्लास्टिकचं वेष्टण तसंच ठेवून मला कपाटावर चढवण्यात आलं. शेजारणीने लग्नाला जायला मागितली, नाही मिळाली. नात समिधा शाळेच्या सहलीला मागायला आली, तिलाही नाही. धाकटा किरण मला गाडी समजून घरात ढकलायला बघायचा, तर आजोबा ओरडायचे, "बोटीची हाय रं ती!"

माझे लाड कमी झाले असं मात्र म्हणणार नाही. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात, तसे नागू पूर्वी आपला दोर आणि डोक्यावरची चुंबळ पुजायचे. आता ते मला खाली काढायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल दांड्याला अडकवायचे. घरातल्या देवांइतकाच माझा मान. पण मित्रांनो, बॅगेला फूल नको असतं. तिला रस्ता हवा असतो. वर्षातून एकदा जमिनीवर टेकायचं आणि चाक फिरायच्या आत पुन्हा वर जायचं, यात मला किती रडू यायचं ते कुणाला सांगू?

बोटीचं काय झालं म्हणाल, तर बोट दरवर्षी थोडी लांब जायची. बाजारात जगदीशचं सहलींचं दुकान आहे. दर दिवाळीला जितेश आणि विनिता तिथे जाऊन भाव विचारून यायचे. पहिल्या वर्षी पोरं लहान होती, त्यांचं भाडं नाममात्र. तेव्हा थोडे पैसे कमी पडले. "पुढल्या साली जमतंय," जितेश म्हणाला. पुढल्या साली घरात जरा जास्त जमले, तर तिकडे भाडं वाढलेलं. मध्ये साथ आली, बोटीच बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांचा तोराच वेगळा. बंदराचा कर निराळा, सेवेचे पैसे निराळे, सुट्टीच्या दिवसांचा दर निराळा. आणि शाळा-कंपनी सांभाळणाऱ्या माणसांना सुट्टीखेरीज जाता कधी येतं? आमच्या घरातले पैसे जिन्याने चढत होते आणि बोटीचं भाडं लिफ्टने.

"वहिनी, मी काय करू? भाव माझ्या हातात नाहीत," जगदीश म्हणायचा आणि चहा मागवायचा. तो चहा विनिताला गोड लागला नाही कधी.

मग समिधा मोठी झाली आणि तिचं तिकीट पुरं झालं. त्या दिवाळीला दोघं जगदीशकडून घरी आली. जेवताना जितेशने सांगितलं की एका खोलीत चौघंच मावतात. पाचव्यासाठी दुसरी खोली घ्यावी लागेल आणि ती आपल्याला झेपणार नाही.

नागूंनी ताटातला घास संपवला. "मग चौघांचं बसतंय ना? बसवा."

"बाबा, तुमच्यासाठीच तर काढलंय ना सगळं. मी राहतो घरी, तुमी जावा."

"कमावता मानूस घरी नि म्हातारा बोटीवर? गाव काय बोलंल? आनि मला तसंबी पानी लागतं. बोट हालली का माझं पोट हालतं."

"तुमी कवा बसलात बोटीत, मामा?" विनिताने विचारलं.

नागू जन्मात कधी होडीतही बसले नव्हते. ते हलकेच म्हणाले, "अगं, पुढल्या साली किरणचं पन पुरं तिकीट लागंल. मग चौघंबी ऱ्हाल. वाट बघून बोट जवल येत नाय, हे बघतोय ना मी इतकी वर्सं? पोरांना दाखवा. पोरं मला सांगतील."

घरात बराच वाद झाला, विनिता रडलीसुद्धा, पण म्हातारा हटला नाही. मला भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. जड खाली, हलकं वर, कोपऱ्यात मोजे, काय कुठे बसवायचं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. सगळं भरून झाल्यावर त्यांनी माझ्या अस्तरावरून हात फिरवला आणि तसाच ठेवला. तो हात मला अजून आठवतो. किती वर्षं त्या हाताने माझ्यात स्वतःचा सदरा ठेवायची वाट पाहिली होती, आणि आज त्याने सगळ्यांचे कपडे ठेवले होते, त्याचे सोडून.

निघायची सकाळ उजाडली. गल्लीत पाइपसाठी रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे रिक्षा नाक्यावरच उभी होती. जितेशने माझ्या चाकांवर राहिलेलं वेष्टण फाडलं, दांडा वर ओढला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याला लागले. आनंद माझ्या पोटात मावेना. पण दहा-वीस पावलं गेले नाही तोच पायांखालून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. जितेशने मागे वळून पाहिलं. रस्त्यावर काळा भुगा पडला होता. माझी चाकं नुसती उभी राहून राहून कुजली होती. वापरात असती तर टिकली असती. कोरी ठेवली म्हणून गेली.

"माझंच चुकलं रं," नागू एवढंच बोलले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पीळ देऊन त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"बाबा, नको! मी घेतो."

"तुला जमायचं नाय, मान धरंल. गाडी चुकवशील. फुटायचं काय हाय का आत?"

एका झटक्यात मी त्यांच्या डोक्यावर होते. मित्रांनो, इतक्या वर्षांनी तो माणूस पुन्हा आपल्या चालीने चालला. पुढे नागू आणि मी, मागे मोकळ्या हातांनी त्यांचा मुलगा, सून, नातवंडं. त्यांच्या मनातलं चित्र हुबेहूब हेच होतं. फक्त त्यात ते मागे असायला हवे होते.

नाक्यावर त्यांनी मला अजिबात न आपटता रिक्षाजवळ उतरवलं, घाम पुसला, आणि तोंडातून जुनं वाक्य निघून गेलं, "सामान बघून घ्या, शेट."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. पण जितेशच्या कानात ते गेलं होतं. तो रिक्षात बसला आणि नाका दिसेनासा होईपर्यंत मान खाली घालून राहिला.

पुढे मी मुंबईचं बंदर पाहिलं. फाटकात माझ्या गळ्यात खोलीच्या नंबरचा कागद बांधला आणि मला घेऊन गेले. त्या पाहुणीचं वाक्य अर्धं खरं होतं. बॅग खोलीच्या दारात येते. पण आपोआप येत नाही. कुठल्या तरी दूर गावचा एक माणूस आम्हाला चढवत होता, उतरवत होता, आणि बिनचाकांची म्हणून मला तर त्याने उचलूनच आणलं. त्याच्या तळव्याला अगदी नागूंच्या तळव्यासारखे घट्टे होते. तो मला ठेवून वळतच होता, तेवढ्यात जितेशने दार उघडलं. दोघांची क्षणभर नजरानजर झाली आणि तो माणूस पुढच्या बॅगेकडे गेला.

पोरांनी खूप मजा केली, ते खोटं का सांगू? समुद्र सगळीकडे होता. पण मी पलंगाखाली पडून राहिले आणि मला सारखं वाटत होतं, ज्याच्यासाठी मी आले तो कुठे आहे? माझी पहिली वाट झाली, आणि ज्याने ती राखून ठेवली तो त्या वाटेवर नव्हता.

परत आलो तेव्हा नागू नाक्यावर उभे होते, खांद्यावर टॉवेल टाकून. ते पुढे झाले, पण जितेशने त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला आणि स्वतःच चुंबळ करू लागला. ती सुटली. पुन्हा केली, पुन्हा सुटली. शेवटी नागूंनीच ती पिळून त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"मान सरल ठेव रं. पायाकडं बघू नको."

जितेश डुगडुगत चालला. मी दोनदा पडता पडता वाचले. मागून नागू येत होते आणि हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. आधी खिशात घातले, मग बाहेर काढले, शेवटी पाठीमागे बांधले. थोडं चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय रं, दारात आली का बॅग?"

"आली बाबा."

"आपोआप?"

"नाय. एक मानूस आनून ठेवून गेला. मी बघितला त्याला."

गल्ली संपत आली तेव्हा नागू म्हणाले, "पानी विचारलंस का त्याला?"

"नाय, बाबा."

"पुढल्या बारीला विचार."

मित्रांनो, एवढीच माझी कहाणी. तुमच्या घरात एखादी वस्तू चांगल्या दिवसासाठी जपून ठेवली असेल तर तिला खाली काढा, वापरा. वस्तू झिजून जेवढ्या मरतात, त्याहून जास्त वाट बघून मरतात. आणि कुणी तुमचं ओझं उचललं तर मागून चालताना झाडं बघा, पण त्या माणसाकडेही बघा. त्यालाही कुठेतरी जायचं असतं.

जितेशने मला नवी चाकं बसवून आणली आहेत. आता शेजारीण मला मागते आणि मी तिच्याकडे जाते, समिधाच्या सहलीलाही जाते. या दिवाळीलाही जगदीशकडे भाव विचारून झाले. भाडं आणखी चढलं आहे. नागूंनी ते ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि मला कपाटावर ठेवू दिलं नाही. चाकं पुन्हा कुजायला नकोत म्हणून रोज संध्याकाळी ते मला, रिकामीलाच, भिसेगावच्या गल्लीतून फिरवून आणतात. एक हात माझ्या दांड्यावर, दुसरा पाठीमागे.

"काय नागूदादा," ओट्यावरचे लोक विचारतात, "कुठं निघालात बॅग घेऊन?"

"बोटीला," नागू म्हणतात. "सुटायला अजून येल हाय."