डोक्यावरची रेघ

एकशे चाळीस चिपा, आणि त्या जातीच्या आता तेवढ्याच उरल्या होत्या. बनवणाऱ्या कंपनीने वर्षभर आधीच कळवलं होतं, ही चिप आम्ही बंद करतोय, हव्या तेवढ्या आत्ताच मागवा. चिप कोरी यायची. तिने काय करायचं ते आपण तिच्यात भरायचं, तेही एकदाच. आतले जोड एकदा पक्के झाले की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत.

थोरलीच्या बाबांनी तीस वर्षांपूर्वी या चिपेवर मागाचा बोर्ड बनवला होता. धागा तुटला की माग थांबला पाहिजे, एवढंच त्याचं काम. त्याच बोर्डावर सहा माणसांचं वर्कशॉप जगत होतं, आणि आता ते थोरली, त्यांची मोठी मुलगी, चालवत होती. गिरणीने यंदा तोंडावर सांगितलं होतं, हा शेवटचा लॉट नीट चालला तर पुढची आठ वर्षं बोर्ड तुमचेच. नाहीतर माग बदलू. म्हणजे वर्कशॉपला टाळं.

त्यात, चिपेत काय भरायचं ते ज्यात साठवलं होतं त्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. उरला बाबांच्या हातचा एक कागद. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! सिग्नलांची नावं ते मराठीत लिहायचे, आणि निम्म्या नावांना शिरोरेघच नाही. थोरली मुलखाची टापटीप. तिने सगळं नव्याने कॉम्प्युटरवर घेतलं, स्वच्छ, ठसठशीत, आणि बाबांना नेऊन दाखवलं. बाबांनी कागद खिडकीशी धरला, बराच वेळ धरला.

"वा! याला म्हणतात अक्षर," ते म्हणाले. "भर बिनधास्त." आणि खाली सही केली.

तिने एक चिप भरून तपासली, पास झाली. मग तीन दिवसांत उरलेल्या सगळ्या भरल्या.

गिरणीत पहिला बोर्ड मागाला लावून फोरमनने मुद्दाम धागा तोडला, तर माग आपला धडधडतोच आहे. दहा हात कापड वाया गेलं. मग धागा धडधाकट असताना माग मधेच गपकन थांबला. फोरमनने बोर्ड काढून तिच्या हातात दिला.

बाबांबरोबर पहिल्या दिवसापासून बोर्डावर तारांना डाख लावणाऱ्या काकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला.

"अगं पोरी, ज्या नावाच्या डोक्यावर रेघ, ते उलटं वाचायचं, 'आहे'चं 'नाही'!"

"तो नियम मला शिकवता, काका?"

"मग? म्हणूनच तुझे बाबा सरळ नावांना रेघ देत नव्हते. फक्त उलट्यांना द्यायचे. तू सगळ्यांनाच दिलीस, आणि उलटी नावंही सरळ म्हणून भरलीस."

थोरलीने बाबांचा कागद जवळ ओढला. बापाची खूण तिला बापाचा आळस वाटली होती.

"तपासताना कसं नाही कळलं?"

"तपासायची यादीही मी माझ्याच कागदावरून केली."

"बाहेरून एखादी तार उलटवून?"

"अकरा नावं उलटायची आहेत, काका. सगळी आत एकमेकांत गुंतलीत." दुसऱ्या चिपेवर सगळं नव्याने मांडायचं तर वर्ष जाणार, आणि गिरणी पंधरा दिवससुद्धा थांबणार नव्हती. काकांनी डाखणी बंद केली आणि ते स्टुलावर बसून राहिले.

घरी जाताना तिला रडू नाही आलं, राग आला. चूक तिची, मान्य. पण सही कोणाची होती?

"बाबा, तुम्ही बघितला होता ना कागद?" चपला न काढताच तिने विचारलं. "सगळ्या नावांना रेघ होती. एवढं दिसलं नाही तुम्हाला?"

"नाही दिसलं."

"म्हणजे काय?"

"वर्ष झालं, कागद नुसता पांढरा दिसतो गं मला." बाबा हळूच म्हणाले. "तू इतक्या हौसेने आणला होतास. म्हटलं, आपली पोर चुकायची नाही."

भांडायला आलेली थोरली चपला काढून त्यांच्याशेजारी बसली. आता कोणाशी भांडणार? त्या क्षणी तिला वाटलं, आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं.

"किती गेल्या?" बाबांनी विचारलं.

"सगळ्या."

"एखादी कोरी?"

"नाही ठेवली."

बाबांनी गुडघे चोळले.

"उद्या मला वर्कशॉपात ने," ते म्हणाले. "सगळ्यांना मी सांगतो. मला निदान त्यांची तोंडं दिसणार नाहीत."