पंचेचाळीस अंशांवरचे दिवे

"ताई, तू फिजिक्स शिकवतेस ना? मग सांग, काय होतं ते!"

अक्षतचा आवाज भर समुद्रातल्या जहाजावरून अडखळत येत होता. जबलपूरच्या कॉलेजात अश्लेषा फोन कानाला लावून कागदावर आकडे मांडत होती.

अक्षत जहाजावर अधिकारी होता. रात्रीच्या पहाऱ्यावर त्याला आकाशात तीन दिवे दिसले. वीस मिनिटं ते जागचे हलले नाहीत, मग सरळ वर जाऊन नाहीसे झाले. नियमाप्रमाणे त्याने ते नोंदवहीत लिहिलं. त्या वहीत खोडता येत नाही, फक्त रेघ मारून सही करता येते. आता कप्तान म्हणत होता, संध्याकाळपर्यंत कारण लिही, नाहीतर रेघ मारून 'भास झाला' असं लिही. भास होणाऱ्याला पुन्हा पहाऱ्यावर कोण उभं करणार?

"उपग्रह?" अश्लेषाने विचारलं.

"ते थांबतात काय? मासेमारीचे दिवे लिहू?"

"ते क्षितिजापाशी दिसतात. तू पंचेचाळीस अंश उंचीवर लिहिलंयस."

"काहून मोजलं मी!"

"तुझ्याबरोबर पहाऱ्यावर असलेल्या सुकाणूवाल्याने पाहिलं ना?"

"माझ्याबरोबरच बघून राहिला होता. आता म्हणते, साब, मैंने कुछ नहीं देखा."

अश्लेषाने कागदावरची शेवटची शक्यताही खोडली. "मला नाही सांगता येत, अक्षत."

"अच्छा. पण तुला तरी पटतं ना, मी पाहिलं ते?"

पुराव्यावाचून हो म्हणायची तिला सवय नव्हती. ती क्षणभर थांबली.

"चलो, मारतो रेघ," तो म्हणाला.

"पटतं रे!" ती ओरडली, पण फोन बंद झाला होता. तिने पुन्हापुन्हा लावला. तो लागला नाही.