मालोजीरावांचा डावा कान

कैलासवासी मालोजीरावांचे तीन हजार फोटो पिक्चर बनवणाऱ्या एआय मशीनला खाऊ घातले, तेव्हा मशीनचा एक साधा गैरसमज झाला. मालोजीराव म्हणजे दोन माणसं असतात, असं त्याला वाटलं.

मशीनला तरी काय बोलणार? चाळीस वर्षांच्या राजकारणात मालोजीरावांना एक नाव कधी लक्षात राहिलं नाही. म्हणून त्यांच्या डाव्या कानाशी, अर्धं पाऊल मागे, तात्याराव उभे असायचे. समोरचा हात जोडेपर्यंत ते हळूच सांगायचे, "कृष्णपुऱ्याचे गोपीनाथ, मुलीचं लग्न ठरलंय." मग साहेब म्हणायचे, "काय गोपीनाथ, तारीख काढली की नाही?" आणि गोपीनाथचं अख्खं घर जन्मभरासाठी साहेबांचं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली साहेबांचं नाव, तात्याराव 'व इतर' मध्ये.

इंदुरातल्या विजय नगरच्या स्टुडिओत मशीनकडून साहेबांचा जीवनपट काढून घेत होती पंचशीला, तात्यारावांची नात. पहिल्याच सीनमध्ये बाळ मालोजीराव पाळण्यात, आणि डावीकडे साठीचे तात्याराव वाकून काहीतरी सांगतायत. शाळेत एका बाकावर दोघं. लग्नात अंतरपाटाच्या एकाच बाजूला दोघं. पंचशीला बघतच राहिली. आजोबा पहिल्यांदाच पूर्ण दिसत होते, चपलांसकट.

मालोजीरावांचे चिरंजीव प्रतापराव मात्र खूश नव्हते.

"पिक्चर आबांचा आहे ना, बेटा? मग हे जुळे भाऊ कुठून आले? हटव यांना."

"प्रताप भिया, ते माझे आजोबा आहेत."

"माहीत आहे ना. इसीलिए प्यार से सांगतोय."

तिनं हटवले. घरी आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर आहे. कानात सांगणारा दिसला की त्याची नोकरी गेली समज." आणि त्यांनी शेव न घालताच पोहे खाल्ले. इंदुरात हे सुतकातही कोणी करत नाही.

तात्याराव पुसले गेले, पण मालोजीरावांची मान डावीकडे कललेलीच राहिली. राजवाड्यासमोर लाखभर माणसं, आणि साहेब कान तिरका करून वाट बघतायत. अंतरपाट दूर झाला, तर नवरीला अदबीनं विचारतात, "आपण कोणत्या वॉर्डाच्या?"

शुक्रवारी दुपारी प्रतापराव शेवटचं बघायला आले. गर्दीतली नावं तपासायला म्हणून पंचशीलानं आजोबांना मागच्या खुर्चीवर बसवलं होतं.

पडद्यावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, नदीकाठच्या राजघराण्याच्या दगडी समाध्या. नदी जमिनीपासून वीतभर वरून वाहत होती, मशीनला ती तशीच आवडली असावी. कबुतरं पाण्यात उडावीत तशी सावकाश उडत होती. मालोजीराव पुलावरून आले. समोरून लहानगा प्रताप निकालाचा कागद घेऊन धावत आला.

मालोजीराव थांबले. मान डावीकडे कलली. ते वाट बघू लागले. पोरही वाट बघू लागलं. बारा सेकंदांचा सीन, पण संपेना. पंचशीलाचा हात कशालाच लागलेला नव्हता.

मागच्या खुर्चीवर तात्याराव जरासे वाकले.

"साहेब, आपला प्रताप. चौथी पास झालाय. गणितात थोडक्यात वाचला."

मालोजीरावांची मान सरळ झाली. "काय प्रताप," ते म्हणाले, "गणितानं छळलं का रे?" आणि त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. कबुतरं खाली उतरली. नदीसुद्धा.

(पंचशीलानं नंतर फाइल तपासली. फाइलमध्ये ते अजून वाट बघतायत.)

प्रतापरावांनी गॉगल काढला नाही.

"तात्या, माझ्या निकालाच्या दिवशी पण तुम्हीच सांगितलं होतं?"

"रोजच सांगायचो."

"घरी पण?"

"घरी जरा जोरात."

प्रतापरावांनी पडद्यावरच्या त्या हाताकडे बघितलं. मग पंचशीलाला म्हणाले, "परत घे त्यांना, बेटा. सब जगह."

"पाळण्याजवळ पण?"

"तिथे तर लागेनच," तात्याराव म्हणाले. "नाहीतर आईला ओळखणार कसे? फक्त अर्धं पाऊल मागे ठेव मला."